लिनक्सवर गाणी आणि व्हिडिओ: लग्नाच्या व्हीसीडीपासून मोबाइलच्या रेकॉर्डिंगपर्यंत

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची अपडेट थांबली आणि त्याच दिवाळीत आमच्या इमारतीतल्या काकूंनी मला हाक मारली. त्यांचा लॅपटॉप २०१२ सालचा. विंडोज ११ त्यावर चढत नव्हतं, बाकी यंत्र ठणठणीत होतं. मी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम घालून दिली. मराठी टायपिंग झालं, प्रिंटर लागला, बँकेची साइट उघडली. दुसऱ्या दिवशी सकाळीच काकू दारात, हातात २००३ सालच्या मुलीच्या लग्नाची व्हीसीडी. "अरे, आधी लागायची की रे ही डिस्क!" त्या डिस्कमध्ये काका मंगलाष्टकं म्हणताना दिसतात. काका आता नाहीत. ती डिस्क लागणं किती गरजेचं होतं, ते वेगळं सांगायला नको.

डिस्क लागली. सांगलीत गेल्या काही महिन्यांत मी बऱ्याच घरांत लिनक्स बसवून दिलं आणि जवळपास प्रत्येक घरातून आठवडाभरात असाच एखादा प्रश्न आला. उत्तरं ठरलेली आहेत, फक्त ती कुणीतरी मराठीत क्रमानं सांगायला हवीत. मी मिंट धरून लिहितो आहे, कारण नवख्या माणसाला तेच सोपं जातं. उबुंटू आणि फेडोरा या लिनक्सच्याच दुसऱ्या प्रकारांत जिथं फरक पडतो तिथं तो सांगेन. टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीची, भीती नको, बहुतेक सगळं माउसनं होतं.

पहिली पायरी: कोडेक बसवा

आवाज आणि चित्र मूळ आकारात ठेवलं तर फाइल अवाढव्य होते. सीडीच्या दर्जाचा एक तासाचा आवाजच सहाशे एमबीच्या वर जातो. म्हणून ते दाबून, गणितानं लहान करून ठेवतात आणि वाजवताना परत उलगडतात. ही दाबण्याची आणि उलगडण्याची रीत म्हणजे कोडेक. यातल्या कित्येक रीतींवर कंपन्यांचे पेटंट होते, काहींवर अजून आहेत, त्यामुळं मोफत वाटल्या जाणाऱ्या सिस्टिममध्ये ते सरसकट भरून देता येत नाहीत. एमपीथ्रीचा परवाना देण्याचा कार्यक्रम २३ एप्रिल २०१७ ला बंद झाला, तेव्हापासून निदान एमपीथ्रीची अडचण कुठंच उरली नाही. व्हिडिओचं मात्र तसं नाही.

मिंट बसवताना एका पानावर मल्टिमीडिया कोडेक बसवायचे का, असा चौकोन येतो. तिथं खूण करा. त्या वेळी इंटरनेट चालू हवं. खूण राहून गेली असेल तर मेनू उघडा, साउंड अँड व्हिडिओ या गटात जा आणि इन्स्टॉल मल्टिमीडिया कोडेक्स वर क्लिक करा. पासवर्ड मागेल, तो द्या आणि पूर्ण होईपर्यंत थांबा.

उबुंटूतही बसवतानाच जादा मीडिया प्रकारांसाठी असा चौकोन असतो. तो सुटला तर रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज नावाचं पॅकेज लागतं. ते टर्मिनलमधून बसवताना मध्येच मायक्रोसॉफ्टच्या फॉन्टचा परवाना पडद्यावर येतो आणि माउस चालेनासा होतो. इथं भलेभले अडकतात आणि खिडकी बंद करून टाकतात. बंद करू नका. टॅब दाबा, खालचं बटण रंगेल, मग एंटर. फेडोरावाल्यांनी आरपीएम फ्युजन हे वेगळं भांडार जोडून घ्यावं.

दुसरी पायरी: व्हीएलसी

मिंटमध्ये व्हिडिओसाठी सेल्युलॉइड आणि गाण्यांसाठी रिदमबॉक्स आधीच असतात. दोन्ही चांगले आहेत. तरीही व्हीएलसी हा प्लेअर बसवाच. १९९६ च्या सुमारास पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी ते सुरू केलं आणि २००१ पासून ते मुक्त परवान्याखाली आहे. सॉफ्टवेअर मॅनेजर उघडून शोधपट्टीत इंग्रजीत व्हीएलसी लिहा. एकाच प्रोग्रॅमचे दोन अवतार दिसतील, सिस्टिम पॅकेज आणि फ्लॅटपॅक. सिस्टिम पॅकेज घ्या. डाउनलोड लहान असतं, आणि डिस्क, पेनड्राइव्ह बघायला त्याला वेगळी परवानगी लागत नाही.

मग कुठल्याही व्हिडिओ फाइलवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ओपन विथ मध्ये व्हीएलसी निवडा आणि सेट ॲज डिफॉल्ट करा. एमपीफोर, एमकेव्ही, एव्हीआय अशा प्रत्येक प्रकारासाठी हे एकदाच करावं लागतं.

एकच फाइल व्हीएलसीत लागते आणि रिदमबॉक्समध्ये लागत नाही, असं पुष्कळदा होतं. त्याचं कारण असं, की व्हीएलसी आणि सेल्युलॉइड दोघंही एफएफएमपेग या लायब्ररीवर, म्हणजे तयार कोडच्या संचावर, चालतात. २००० साली फाब्रिस बेलार्डनं सुरू केलेल्या या लायब्ररीत जगातले बहुतेक कोडेक आहेत. रिदमबॉक्स जीस्ट्रीमरवर चालतो आणि त्याला प्रत्येक प्रकारासाठी वेगळं प्लगइन लागतं. म्हणजे फाइल बिघडली, असा निकाल द्यायच्या आधी ती दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये लावून बघा.

फाइलचं नाव आणि आतला माल

मार्केट यार्डात बेदाण्याचा सौदा निघतो तेव्हा खोक्यावरचं नाव वाचून कुणी बोली लावत नाही. खोका उघडतात, मूठभर माल हातावर घेतात, रंग बघतात, मग भाव. फाइलचंही तसंच आहे. एमपीफोर, एमकेव्ही, एव्हीआय ही खोक्याची नावं. आत चित्र एका कोडेकमध्ये असतं आणि आवाज दुसऱ्याच. त्यामुळं दोन एमपीफोर फायलींपैकी एक सुरळीत चालते आणि दुसरी अडखळते, याचं कोडं पडायला नको. चित्र दिसतं पण आवाज येत नाही, हाही बहुतेक वेळा त्याचाच प्रकार.

खोका उघडायची सोय व्हीएलसीत आहे. फाइल लावा आणि कंट्रोल दाबून जे या इंग्रजी अक्षराची कळ दाबा. चित्राचा कोडेक, आवाजाचा कोडेक, आकार, सेकंदाला किती चौकटी, सगळं समोर येतं. कुणाला मदत मागायची असेल तर हे पान बघून सांगा. "व्हिडिओ लागत नाही" म्हणण्यापेक्षा "एमकेव्ही आहे, आत एच २६५ आहे, चित्र अडखळतंय" असं सांगितलं तर समोरचा पाच मिनिटांत उत्तर देतो.

फाइलच्या शेवटचं नाव बदलून तिचा प्रकार बदलत नाही, हेही इथंच सांगतो. एव्हीआय खोडून एमपीफोर लिहिल्यानं आतला माल तोच राहतो.

आवाजच येत नसेल तर

आधी एक गाणं लावा आणि ते चालू असतानाच पुढचं करा. उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून साउंड सेटिंग्ज उघडा. आउटपुट या पानावर यंत्राला जोडलेल्या आवाजाच्या सगळ्या वाटा दिसतात. दहातल्या आठ वेळा तिथं एचडीएमआय निवडलेलं असतं, म्हणजे आवाज मॉनिटरकडं चाललेला असतो आणि मॉनिटरला स्पीकरच नसतो. स्पीकर्स किंवा हेडफोन्स निवडा. शेजारच्या ॲप्लिकेशन्स या पानावर प्रत्येक प्रोग्रॅमचा वेगळा आवाज असतो. एखादा तिथंच शून्यावर गेलेला असतो.

यानंही जमलं नाही तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल बसवा. आता नव्या मिंटमध्ये आवाजाचं काम पल्सऑडिओऐवजी पाइपवायर करतं, पण हा प्रोग्रॅम त्याच्याबरोबरही चालतो. त्याच्या कॉन्फिगरेशन पानावर साउंड कार्ड ऑफ केलेलं नाही ना, ते बघा.

जुन्या रेकॉर्डिंगचा आवाज बारीक असतो. साउंड सेटिंग्जमध्येच कमाल आवाजाची मर्यादा १५० टक्क्यांपर्यंत वाढवता येते. ती गरजेपुरतीच वाढवा. लॅपटॉपचे स्पीकर लहान असतात आणि सततच्या जादा आवाजानं फाटतात.

ब्लूटूथ हेडफोन लावल्यावर गाणं अचानक टेलिफोनमधून आल्यासारखं वाटलं, तर त्याचा माइक चालू झालेला आहे. ब्लूटूथला ऐकण्याची आणि बोलण्याची अशा दोन वेगळ्या रीती असतात आणि बोलण्याच्या रीतीत आवाजाचा दर्जा उतरतो. साउंड सेटिंग्जमध्ये ए-टू-डीपी, म्हणजे ऐकण्याची रीत, निवडली की गाणं पूर्ववत होतं.

लग्नाच्या डिस्क

आता काकूंच्या व्हीसीडीकडं येतो. सांगली-मिरजेतल्या घराघरांत कपाटाच्या वरच्या फळीवर अशा डिस्क आहेत: लग्नाच्या, मुंजीच्या, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या. त्यांचं आयुष्य संपत आलं आहे. म्हणून या भागात जरा जास्त वेळ घालवतो.

व्हीसीडी आत घातली की फाइल मॅनेजरमध्ये एमपेगएव्ही नावाचा फोल्डर आणि त्यात डॅट फाइल दिसते. सगळे जण तीच कॉपी करायला जातात आणि इनपुट-आउटपुट एरर येते. डिस्क खराब झाली असं वाटतं. तसं नसतं. साध्या डेटा सीडीवर प्रत्येक सेक्टरमध्ये, म्हणजे डिस्कच्या लहान तुकड्यात, २०४८ बाइट माहिती असते आणि उरलेल्या जागेत चूक दुरुस्त करायची सोय. व्हीसीडीत व्हिडिओला जास्त जागा मिळावी म्हणून ती सोय काढून सेक्टरमध्ये २३२४ बाइट भरलेले असतात. नेहमीच्या पद्धतीनं कॉपी करणाऱ्याला ते सेक्टर वाचताच येत नाहीत. त्याच कारणानं व्हीसीडीवर बारीक ओरखडा पडला तरी चित्रात चौकोन उठतात.

बघायची वाट ही: व्हीएलसी उघडा, मीडिया मेनूत ओपन डिस्क, तिथं एसव्हीसीडी/व्हीसीडी निवडा आणि प्ले. काकूंची डिस्क अशीच लागली. फाइल करून ठेवायची असेल तर त्याच खिडकीत प्लेच्या बाजूच्या बाणावर क्लिक करून कन्व्हर्ट घ्या, एच २६४ आणि एमपीथ्रीचा एमपीफोर हा साचा निवडा आणि कुठं ठेवायचं ते सांगा. टर्मिनलची सवय असेल तर व्हीसीडीइमेजर पॅकेजमधलं व्हीसीडी-एक्स-रिप वापरा. ते मूळ फाइल दर्जा न घालवता जशीच्या तशी काढतं, आणि माझ्या मते आठवणीच्या गोष्टींसाठी तेच करावं. व्हीसीडीचं चित्र आधीच ३५२ गुणिले २८८ एवढं छोटं, ते परत दाबलं की आणखी पुसट होतं.

घरी किंवा स्टुडिओत रेकॉर्ड केलेली डीव्हीडी सोपी. तिच्यावर नक्कल रोखणारं कुलूप नसतं. व्हिडिओ-टीएस फोल्डरमधल्या व्हीओबी फायली सरळ कॉपी होतात आणि व्हीएलसीत लागतात. विकत आणलेल्या सिनेमाच्या डीव्हीडीला कुलूप असतं आणि त्यासाठी लिबडीव्हीडीसीएसएस ही वेगळी लायब्ररी लागते.

अशा जुन्या डीव्हीडीत कुणी पटकन हललं की कडांवर कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात. ते शूटिंग टीव्हीसाठी एकाआड एक ओळींत केलेलं असतं. व्हीएलसीत डी ही कळ दाबा, रेघा जातात. चित्र ओढल्यासारखं, माणसं जाड दिसत असतील तर ए दाबत जा, योग्य आकार येईपर्यंत. ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो, असं असेल तर जे आणि के या कळांनी आवाज पुढंमागं सरकवता येतो.

डिस्क पुसायची असेल तर स्वच्छ पाणी, मऊ सुती कापड, आणि पुसायचं मधल्या भोकाकडून कडेकडं सरळ रेषेत. गोल गोल पुसू नका. गोल ओरखडा वाचण्याच्या दिशेनंच जातो आणि सलग लांब भाग वाचता येत नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात बुडालेल्या डिस्कही मी अशाच पुसल्या आहेत. गाळ आधी पाण्यात भिजवून सैल करावा लागतो, कोरडा घासला तर वाळूचे कण प्लॅस्टिक कोरतात. वरच्या छापील बाजूला जास्त जपा, कारण सीडीत माहितीचा चकचकीत थर त्या बाजूलाच, लेबलच्या अगदी खाली असतो.

कॅसेट आणि तानपुरा

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत उभं राहून तानपुऱ्याची जवारी लावताना ऐकली असेल, तर पुढचं लगेच पटेल. जवारी म्हणजे घोडीवरचा तो बारीक घासलेला भाग. तार तिथं अलगद टेकते आणि एका सुरातून असंख्य वरचे सूर झळकतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते या कारागिरीसाठीच. एमपीथ्री आवाज दाबताना आधी हेच वरचे सूक्ष्म सूर टाकून देतं. ६४ केबीपीएसला, म्हणजे फार दाबून, केलेल्या फाइलमध्ये गायकाचे शब्द कळतात, पण मागचा तानपुरा पत्र्यावर ओरखडल्यासारखा येतो.

म्हणून घरातली बैठकीची, भजनाची, नाट्यपदांची कॅसेट उतरवून घेताना फ्लॅक या प्रकारात ठेवा. २००१ पासूनचा हा मुक्त प्रकार आवाजातलं काहीही टाकत नाही, तरी फाइल मूळच्या साधारण निम्मी होते. लिनक्सवर तो कुठलीही तयारी न करता वाजतो. कॅसेट उतरवायला ऑडॅसिटी हा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम बसवा. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरच्या लाइन-इनला, म्हणजे आवाज आत घेणाऱ्या भोकाला, जोडा. लॅपटॉपला लाइन-इन नसतं, मग यूएसबीचं छोटं साउंड कार्ड घ्या. रेकॉर्डिंगची पातळी वजा सहा डेसिबलच्या खाली ठेवा. पातळी शून्याला टेकली की आवाज फाटतो आणि तो नंतर कशानंही दुरुस्त होत नाही. आधी फ्लॅक करा. मोबाइलवर पाठवायला त्यातूनच एमपीथ्रीची वेगळी प्रत काढा. एमपीथ्रीवरून फ्लॅक करून गेलेले सूर परत येत नाहीत.

मोबाइलमधले व्हिडिओ अडखळत असतील तर

नवे मोबाइल बरेचदा एच २६५ मध्ये चित्रण करतात. २०१३ साली आलेला हा कोडेक जागा कमी घेतो, पण उलगडायला मेहनत जास्त. इंटेलच्या सहाव्या पिढीपासूनच्या, म्हणजे २०१५ नंतरच्या चिपमध्ये त्यासाठी वेगळी सोय आहे. काकूंच्या लॅपटॉपमध्ये ती नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो, पंखा घोंघावतो आणि चित्र थांबत थांबत चालतं.

व्हीएलसीत टूल्स, प्रेफरन्सेस, इनपुट/कोडेक्स या पानावर हार्डवेअर ॲक्सिलरेटेड डीकोडिंग ऑटोमॅटिक आहे ना, ते बघा. त्यानं भागलं नाही तर हँडब्रेक हा व्हिडिओचा प्रकार बदलणारा प्रोग्रॅम बसवा आणि व्हिडिओ एच २६४ मध्ये करून घ्या. जुन्या यंत्रावर याला तासन् तास लागतात, रात्री लावून झोपा. मूळ फाइल पुसू नका. आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एच २६४ चा पर्याय असेल तर तो निवडून ठेवा, पुढचा प्रश्नच मिटतो.

व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप ओपस प्रकारात असतात. २०१२ पासून ओपस हा खुला मानक आहे आणि व्हीएलसी तो सरळ वाजवतं. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या फोनमधली एएमआर आणि थ्रीजीपी रेकॉर्डिंगही तसंच. एका घरात आजोबांचं फोनवरचं बोलणं एएमआर फाइलमध्ये होतं आणि ते कुठंच लागत नाही म्हणून पुसायला निघाले होते. व्हीएलसीत लागलं.

सबटायटलमध्ये मराठीऐवजी चौकोन दिसले तर व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये सबटायटलच्या पानावर एन्कोडिंग यूटीएफ-८ करा आणि फॉन्ट नोटो सान्स देवनागरी निवडा.

प्रती कुठं ठेवायच्या

फाइल तयार झाली की तिला सालापासून सुरू होणारं नाव द्या, म्हणजे आपोआप क्रमानं लागते: २००३-मे-लग्न-डिस्क-१ असं. देवनागरीत नाव दिलं तरी लिनक्सला चालतं. कॉपी केल्यावर शेवटपर्यंत एकदा लावून बघा. नुसती फाइल दिसते म्हणजे ती पूर्ण आली असं नाही.

आणि दोन प्रती करा, दोन वेगळ्या ठिकाणी. सांगलीत हे सांगताना कारण द्यावं लागत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गावभागात राहत असाल तर एक हार्ड डिस्क विश्रामबागेत किंवा मिरजेत नातेवाइकांकडं ठेवा, दुसरी घरात, पण वरच्या मजल्यावर. पेनड्राइव्हवर विसंबू नका, तो नेआण करण्यासाठी आहे. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत म्हणा, दोन्ही हार्ड डिस्क जोडून चार फायली लावून बघा.

काकूंची पहिली डिस्क पूर्ण उतरली, मंगलाष्टकांसकट. दुसरी ३१ व्या मिनिटाला अडते. एका ड्राइव्हला न वाचता येणारी डिस्क दुसऱ्याला वाचता येते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. येत्या रविवारी मित्राकडचा जुना डेस्कटॉपचा ड्राइव्ह आणून ती त्यात लावणार आहे.